स्वतःपुरती बीअर

पाणी, मोड आणून वाळवलेले सातू, हॉप्स या वेलीची कडवट फुलं आणि यीस्ट. यातली एकही वस्तू घरात सापडली म्हणून कुणी कुणाला जाब विचारत नाही. पण पहिल्या तीन एका पातेल्यात तापवल्या, निवल्यावर चौथी त्यात पडली आणि पातेलं पंधरा दिवस झाकून ठेवलं, की काही देशांत त्याला छंद म्हणतात आणि काही देशांत गुन्हा. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरतं कडक मद्य घरी गाळायलाही मुभा आहे. जपानमध्ये घरी केलेल्या पेयात एक टक्का अल्कोहोल भरलं, की परवाना नसलेला माणूस कायद्याच्या कचाट्यात सापडतो. यीस्ट दोन्हीकडे तेच काम करतं. साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं.

मला असं ठामपणे वाटतं की प्रौढ माणसाला ठरावीक मर्यादेत, न विकता, स्वतःसाठी घरी बीअर बनवू द्यावी. त्यासाठी परवाना नको, कर नको, चोरटेपणा नको. क्राफ्ट बीअरची, म्हणजे छोट्या कारखान्यांत निगुतीने बनवलेल्या बीअरची, ज्यांना गोडी लागली आहे त्यांनी तर ही मागणी आपलीच मानायला हवी, कारण त्यांच्या पेल्यातली बीअर अशाच घरगुती पातेल्यांतून वर आली आहे. मी गेली काही वर्षं घरी बीअर बनवते आहे. ती बनवताना पिण्याबद्दलचं माझं मत जेवढं बदललं तेवढं कुठल्याही उपदेशाने बदललं नव्हतं. या लेखातला बराच भाग त्या बदलाबद्दल आहे, पण आधी भीतीबद्दल बोलायला हवं.

‘घरी बनवलेली दारू’ हे शब्द कानावर पडले की डोळ्यांसमोर विषारी दारूने दगावलेली, दृष्टी गेलेली माणसं येतात. ही भीती पोकळ नाही. अशा बातम्या जगभरातून येत राहतात आणि त्यांत बळी जाणारी माणसं बहुधा गरीब असतात. या मुद्द्याला बगल देऊन घरगुती बीअरची बाजू मांडणं मला अप्रामाणिक वाटेल. पण त्या मृत्यूंचं कारण शोधत गेलं तर ते बीअरच्या पातेल्यापर्यंत येऊन पोहोचत नाही.

मारतं ते मिथेनॉल. पिणाऱ्याच्या यकृतात त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड होतं, मग फॉर्मिक आम्ल, आणि हे आम्ल डोळ्याच्या मज्जातंतूवर घाला घालतं. एकाच वेळी अनेक माणसं दगावतात तेव्हा बहुतेकदा कुणीतरी कारखान्यात वापरायचं स्वस्त मिथेनॉल दारूत मिसळलेलं असतं. आंबवताना मिथेनॉल तयार होतं ते मुख्यतः फळांमधल्या पेक्टिनपासून. सातूत पेक्टिन नगण्य असतं, त्यामुळे बीअरमध्ये मिथेनॉल उतरलंच तर नाममात्र. शिवाय भट्टी लावून दारू गाळताना आंबवलेल्या द्रवाची वाफ पकडून, थंड करून अल्कोहोल दाट केलं जातं. बीअर बनवण्यात ही पायरीच नाही. जे आंबलं तेच पेल्यात येतं, चार-पाच-सहा टक्क्यांचं. ज्वालाग्राही वाफ नाही, स्फोटाची भट्टी नाही. कायदे करणाऱ्यांनी आणि वर्तमानपत्रं लिहिणाऱ्यांनी आंबवणं आणि गाळणं हे दोन शब्द वेगळे ठेवले असते, तर या वादातली अर्धी धूळ खाली बसली असती.

जंतूंचं काय, हाही प्रश्न लोक विचारतात. बीअर तासभर उकळलेली असते. आंबल्यावर तिचा पीएच चार-साडेचारच्या आसपास उतरतो, तिच्यात अल्कोहोल असतं, प्राणवायू जवळपास नसतो आणि हॉप्समधली कडू द्रव्यं बऱ्याच जिवाणूंना वाढू देत नाहीत. या सगळ्यातून माणसाला आजारी पाडणारे जंतू सहसा तगत नाहीत. बिघडलेली बीअर आंबट होते, वास मारते, मोरीत ओतावी लागते, पण ती विष होत नाही. अपवाद बिनअल्कोहोलच्या घरगुती बीअरचा. तिच्यात हे संरक्षण अपुरं पडतं आणि ती पाश्चराइज करूनच ठेवावी लागते. हा तपशील फार कमी लोकांना माहीत असतो, म्हणून मुद्दाम सांगते.

खरे धोके वेगळे आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. वीस-पंचवीस लिटर उकळता द्रव उचलताना माणूस भाजू शकतो. बंद खोलीत मोठ्या प्रमाणात आंबवण ठेवलं तर कार्बन डायऑक्साइड साचू शकतो. आणि बाटल्या फुटू शकतात. माझ्याकडे तेच झालं होतं. तिसऱ्या की चौथ्या खेपेला आंबणं पुरतं थांबायच्या आधीच मी बाटल्या भरल्या, वर फेसासाठी साखरही घातली. आठव्या दिवशी पहाटे कपाटात एक बाटली फुटली आणि तिच्यामागोमाग दुसरी. काचेचा तुकडा कपाटाच्या फळीत रुतलेला मी पाहिला तेव्हा हातपाय गार पडले, कारण आदल्याच संध्याकाळी मी तिथे उभी राहून त्या बाटल्या मोजत होते. तेव्हापासून हायड्रोमीटरचा, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीचा, आकडा तीन दिवस हलला नाही तरच बाटली भरायची, हा नियम मी मोडलेला नाही. ही गोष्ट मी शिकले ती अपघातातून. जिथे हे काम उजेडात चालतं तिथे ती पहिल्याच दिवशी कुणीतरी जाणतं माणूस सांगतं. बंदीने बाटल्या फुटायच्या थांबत नाहीत, त्या का फुटतात हे सांगणारा माणूस तेवढा गप्प होतो.

आता त्या पातेल्याकडे वळते.

वीस लिटर बीअरसाठी साडेचार-पाच किलो माल्ट लागतं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले किंवा भाजलेले सातू. ते भरडून गरम पाण्यात तासभर भिजत ठेवायचे, त्याला मॅश म्हणतात. मोड येताना दाण्यात तयार झालेली विकरं इथे कामाला लागतात आणि पिष्टाची साखर करतात. त्यांतली दोन महत्त्वाची. एकाला बासष्ट ते पासष्ट अंश सेल्सिअसची ऊब आवडते आणि ते यीस्टला सहज पचेल अशी साखर करतं. दुसरं अडुसष्टच्या पुढे जोमात असतं आणि मागे अशा लांब साखळ्या ठेवतं ज्या यीस्टला खाता येत नाहीत. मॅश चौसष्टवर ठेवला तर बीअर कोरडी, हलकी होते. एकोणसत्तरवर ठेवला तर जिभेवर भरीव लागते. तेच धान्य, तेच पाणी, पाच अंशांचा फरक. पहिल्यांदा मी एकाच माल्टच्या दोन खेपा अशा वेगवेगळ्या अंशांवर करून शेजारी शेजारी ओतल्या तेव्हा ‘भरीव’ हा शब्द मला जिभेने कळला. आधी तो नुसता कुठेतरी वाचलेला होता.

मग चोथा गाळून गोड पाणी उकळायला ठेवायचं. या गोड पाण्याला वर्ट म्हणतात. उकळी फुटल्या फुटल्या घातलेले हॉप्स कडवटपणा देतात, कारण त्यांतल्या आम्लांची रचना बदलून ती पाण्यात विरघळायला बराच वेळ उकळावं लागतं. सुगंध देणारी तेलं मात्र तेवढ्या वेळात उडून जातात. म्हणून वासासाठीचे हॉप्स शेवटच्या पाच मिनिटांत घालायचे, नाहीतर आंबणं संपत आल्यावर थंडच टाकायचे. एकच फूल, घालायची वेळ बदलली की काम बदलतं.

नंतर वर्ट झटपट थंड करायचा आणि यीस्ट घालायचं. इथून पुढे आपण मालक राहत नाही. अकरा ग्रॅमची यीस्टची पुडी आपल्याला हवं ते करेल असं नाही, तिला हवं ते आपण पुरवायचं. बीअरचे दोन मोठे प्रकार म्हणजे एल आणि लागर. एल यीस्टला अठरा-वीस अंश मानवतात, लागर यीस्टला दहा-बारा. बव्हेरियाच्या गव्हाच्या बीअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण तिच्यात केळं नसतं आणि लवंगही नसते. तो वास त्या यीस्टचा. आंबवण जरा उबदार ठेवलं की केळं पुढे येतं, थंड ठेवलं की लवंग. मी तर कित्येकदा नुसती भांड्याला कान लावून बसले आहे. आत बुडबुडे फुटत असतात आणि पावसाची झड लांबून ऐकू यावी तसा आवाज येतो.

आकड्यांचंही एक सुख आहे. सुरुवातीला वर्टची घनता पाण्याच्या १.०५० पट होती आणि शेवटी १.०१० राहिली, तर दोहोंतल्या फरकाला १३१.२५ ने गुणायचं. उत्तर ५.२५. एवढे टक्के अल्कोहोल आपल्या बीअरमध्ये आहे. आपण काय पितो आहोत हे असं स्वतः मोजून कळलेला माणूस पेला वेगळ्या हाताने उचलतो, हा माझा अनुभव आहे.

आणि वेळ! माल्ट भरडण्यापासून भांडी घासण्यापर्यंत सहा तास. आंबायला दोन आठवडे. बाटलीत फेस धरायला आणखी दोन. महिन्याअखेर हाती येतात अर्ध्या लिटरच्या चाळीसेक बाटल्या, त्याही सगळं सुरळीत झालं तर. ज्याला लवकर झिंगायचं आहे तो या वाटेला जाणार नाही, त्याच्यासाठी याहून सोप्या वाटा मोकळ्या आहेत. घरी बीअर बनवू दिली तर दारूबाजी वाढेल असं म्हणणाऱ्यांनी एकदा हा महिना काढून पाहावा.

खरं तर बीअर बाजारातून घरात आलेली नाही. ती घरातून बाजारात गेली. सुमेरियन लोकांची बीअरची देवता निन्कासी ही स्त्री आहे. तिची स्तुती करणारं सुमारे इसवी सन पूर्व १८०० मधलं सूक्त आहे आणि त्यात बीअर बनवण्याच्या पायऱ्याच येतात. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये घरी बीअर करून उरलेली शेजाऱ्यापाजाऱ्यांना विकणं हे बायकांचं नेहमीचं काम होतं. हॉप्समुळे पेय टिकतं हे बाराव्या शतकात लिहून ठेवणारी हिल्डेगार्ड ही जर्मनीतली एक मठवासिनी. पुढे धंदा मोठा झाला, भांडवल आलं, संघ आणि परवाने आले, आणि बीअर बनवणारीण मागे पडून बीअर बनवणारा उरला. मी पातेलं ढवळते तेव्हा पुरुषांच्या छंदात शिरले आहे असं मला मुळीच वाटत नाही.

बंदी आली कुठून, हेही पाहण्यासारखं आहे. ती लोकांच्या तब्येतीच्या काळजीतून आली असं सरसकट म्हणता येत नाही. जपानने १८९९ मध्ये घरगुती मद्य बनवण्यावर बंदी घातली तेव्हा मद्यावरचा कर हा सरकारी महसुलाचा मोठा आधार होता. ब्रिटनमध्ये १८८० साली तेव्हाचे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी माल्टवरचा कर काढून बीअरवर कर बसवला आणि त्याबरोबर घरी बीअर करणाऱ्यालाही परवाना घ्यावा लागू लागला. तो परवाना १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी रद्द केला. अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला सूट मिळाली, बीअर राहून गेली. ती पंचेचाळीस वर्षं तशीच राहिली. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ज्या कायद्यावर सही केली त्यात घरगुती बीअरला करमाफी होती, आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून ती लागू झाली. मर्यादा अशी, की प्रौढ माणूस एकटा असेल तर वर्षाला १०० गॅलन आणि घरात दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलन. लिटरमध्ये ३७८ आणि ७५७. राज्यांनी मात्र आपापला वेळ घेतला. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्यं २०१३ मध्ये राजी झाली.

त्या सहीच्या आगेमागे अमेरिकेत काय घडलं, ते या वादातलं सगळ्यात वजनदार साक्षीपत्र आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्या अवाढव्य देशात बीअर बनवणारे कारखाने शंभराच्याही आत उरले होते आणि बहुतेकांची बीअर एकसारखी फिकट. आज तिथे नऊ हजारांहून अधिक आहेत. या वाढीला एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही. लहान उत्पादकांना मिळालेली करसवलत होती, आयात बीअर चाखलेले ग्राहक होते. पण पहिली माणसं कोण होती ते बघा. जॅक मॅकॉलिफ नौदलात असताना स्कॉटलंडमध्ये तिथल्या एलच्या प्रेमात पडला, घरी बीअर बनवायला शिकला आणि १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमात न्यू अल्बियन ही छोटी ब्रुअरी त्याने उभी केली. ती १९८२ पर्यंतच चालली. पण जुन्या दूध-धंद्यातली यंत्रं जोडून बीअर बनवता येते, हे तिने दाखवून दिलं. केन ग्रॉसमन आधी घरगुती बीअर बनवणाऱ्यांना सामान विकायचा. त्याने सिएरा नेवाडा काढली आणि तिथे नोव्हेंबर १९८० मध्ये पहिली खेप उकळली. कॅस्केड या हॉप्सचा लिंबू-मोसंब्यासारखा वास लाखो लोकांच्या ओळखीचा झाला तो तिच्या पेल एलमुळे. या दोघांपैकी एकाचीही सुरुवात भांडवलदाराच्या कचेरीत झालेली नाही.

जपानचं उदाहरण याच्या उलट टोकाचं आणि तरीही बोलकं. तिथे १९९४ मध्ये बीअरच्या परवान्यासाठी लागणारं किमान वार्षिक उत्पादन २००० किलोलिटरवरून ६० किलोलिटरवर आणलं आणि लगेच लहान ब्रुअरी उगवू लागल्या. तिथल्या कारागिरांचं काम उत्तम आहे. पण ६० किलोलिटर म्हणजे साठ हजार लिटर. वीस लिटर करून चुकण्याची, ओतून देण्याची, पुन्हा करून बघण्याची जागा तिथल्या माणसाला नाही. चूक करायची तर एकदम साठ हजार लिटरच्या जबाबदारीसकट, हे मला क्रूर वाटतं.

बीअरच्या बाबतीत ज्ञान वाटून घेण्याची परंपराही जुनी आहे.   कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सनने १८८३ मध्ये एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं आणि ते यीस्ट कंपनीने स्वतःपुरतं दडवून न ठेवता इतरांना दिलं. पीएचचं माप १९०९ मध्ये त्याच प्रयोगशाळेतून आलं, सोरेनसेनकडून. २०१६ मध्ये ब्रूडॉग या स्कॉटिश कंपनीने आपल्या बीअरच्या पाककृती सगळ्यांसाठी खुल्या केल्या, घरी बनवणाऱ्यांना सोसतील अशा मापात.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती नॉर्वेच्या शेतघरांतली गोष्ट. पश्चिम नॉर्वेत वॉससारख्या भागात शेतकरी कुटुंबांनी आपापलं यीस्ट पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. एका खेपेचा साका लाकडी कड्यांवर किंवा कापडावर वाळवायचा आणि पुढच्या खेपेला वापरायचा. त्याला क्वेइक म्हणतात. नेहमीचं एल यीस्ट ज्या उष्णतेत नकोसे वास सोडू लागतं, त्या पस्तीस-चाळीस अंशांत हे यीस्ट दोन-तीन दिवसांत काम उरकतं आणि चव स्वच्छ ठेवतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात हा माणसाळवलेल्या बीअर-यीस्टचा एक वेगळा गट असल्याचं दिसलं. आता जगभरच्या ब्रुअरी ते विकत घेतात. कुठल्याही मोठ्या कारखान्याच्या संग्रहात नसलेली ही ठेव वाचली ती केवळ काही घरांनी बीअर करणं सोडलं नाही म्हणून. अशी किती यीस्टं बंदीच्या आणि कराच्या काळात मोरीतून वाहून गेली असतील, या विचाराने मला खरोखर हळहळ वाटते.

क्राफ्ट बीअरच्या व्यापाराबद्दलही माझी तक्रार आहे. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनच्या व्याख्येत वर्षाला साठ लाख बॅरलपर्यंत बीअर बनवणारी कंपनी ‘लहान’ ठरते. साठ लाख बॅरल म्हणजे सुमारे ७० कोटी लिटर. गूस आयलंड ही क्राफ्ट ब्रुअरी २०११ मध्ये बड्या अ‍ॅनहॉयझर-बुशने घेतली, लागुनिटास ही दुसरी ब्रुअरी २०१७ मध्ये पूर्णपणे हायनेकेन या बड्या कंपनीची झाली. विकली म्हणून बीअर वाईट होते असं नाही. पण ‘क्राफ्ट’ या शब्दाचा अर्थ जर मालकीच्या टक्केवारीत आणि बॅरलच्या आकड्यात शोधावा लागत असेल, तर पिणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. स्वतः बनवलेल्या माणसाला लेबल वाचावं लागत नाही. लोण्याचा वास आला तर आंबताना तयार झालेलं डायॲसिटाइल उरलं, हिरव्या सफरचंदाचा आला तर आंबणं अर्धवट, उकडलेल्या मक्याचा आला तर उकळी कमी पडली, आणि उग्र, नाक मुरडायला लावणारा वास आला तर बाटलीला ऊन लागलं. हे एकदा नाकात बसलं की छोटी ब्रुअरी आणि मोठी ब्रुअरी दोघींनाही जाब विचारता येतो. असा ग्राहक तयार होणं सगळ्यांच्या हिताचं आहे.

या व्यापाराने आणखी एक वाईट सवय लावली आहे, ती म्हणजे कडक तेच चांगलं असं मानायची. आठ-नऊ टक्क्यांच्या बीअरचं कौतुक होतं आणि साडेतीन टक्क्यांच्या बिटर या हलक्या इंग्लिश एलकडे कुणी वळून पाहत नाही. हिशेब साधा आहे. पाच टक्क्यांच्या ३३० मिलिलिटरमध्ये सुमारे १३ ग्रॅम अल्कोहोल असतं, आठ टक्क्यांच्या अर्ध्या लिटरमध्ये ३१ ग्रॅमच्या वर. आणि अल्कोहोल कुठल्या पेल्यातून आलं याचा शरीराला फरक पडत नाही. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलं. अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण पूर्ण निर्धोक म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. क्राफ्ट बीअरवाल्यांनी हे मान खाली घालून पुटपुटू नये, स्पष्ट बोलावं. घरची बीअर आरोग्यदायी आहे असं मी कधीच म्हणणार नाही. ज्याला पिण्यावर ताबा ठेवणं जड जातं त्याच्या घरात चाळीस बाटल्या असणं घातक आहे, आणि अशा माणसाने हा छंद धरू नये. माझ्या ओळखीच्या एका बाईने नेमक्या याच कारणासाठी सगळं सामान देऊन टाकलं. तिच्याबद्दल मला फार आदर आहे.

पण धोका आहे म्हणून बनवायला बंदी, हा तर्क टिकायचा तर विकत घ्यायलाही बंदी हवी. जिथे दुकानात कितीही पेट्या मिळतात आणि घरी वीस लिटर करणं तेवढं गुन्हा ठरतं, तिथे कायदा तब्येतीची राखण करत नसून विक्रेत्याची राखण करतो आहे, असंच मला म्हणावं लागतं. घरी बनवणाऱ्याला निदान हलकी बीअर करता येते. माझ्या शेवटच्या पाच खेपांपैकी चार साडेतीन टक्क्यांच्या आत होत्या. अशी बीअर चवदार करणं कडक बीअरपेक्षा कठीण असतं, कारण चुका झाकायला अल्कोहोल नसतं.

कायद्यात काय हवं, ते फार गुंतागुंतीचं नाही. करणारा प्रौढ असावा, वर्षाची मर्यादा ठरलेली असावी, विक्रीला आणि घरी गाळायला मनाई असावी. अमेरिकेची १०० गॅलनची मर्यादा म्हणजे वीस लिटरच्या एकोणीसेक खेपा. मला ती जास्तच वाटते, निम्मी असती तरी माझं काही अडलं नसतं. विक्री मात्र खरंच नको. विकायचं म्हटलं की तपासणी, कर, जबाबदारी सगळं यायलाच हवं, तिथे मी ब्रुअरीवाल्यांच्या बाजूची आहे.

एक कलम मात्र बहुतेक ठिकाणी विसरलं जातं. बनवलेली बीअर घराबाहेर नेता आली पाहिजे. ओरेगॉनमध्ये हे कायद्यात नीट लिहिलेलं नव्हतं. २०१० मध्ये त्याचा अर्थ असा लावला गेला, की घरगुती बीअर घराबाहेर चाखता येणार नाही, आणि राज्याच्या जत्रेतली स्पर्धाच रद्द झाली. २०११ मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला. या स्पर्धा म्हणजे पिण्याच्या पैजा नव्हेत. परीक्षक दोन-तीन घोट घेतो आणि पन्नास गुणांचा कागद भरतो. वासाला बारा गुण, चवीला वीस, आणि दिसण्याला फक्त तीन. त्याखाली तो लिहितो की हे का झालं असावं आणि पुढच्या वेळी काय बदलावं.

माझ्या एका एलला लोण्याचा वास येत होता आणि तो मलाच येत नव्हता. रोज घरात असलेला वास नाकाला कळेनासा होतो. ती बाटली घेऊन मी एका जुन्या, जाणत्या गृहस्थांकडे गेले. त्यांनी पेला नाकाजवळ नेला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “घाई केलीस ना गं? आंबणं संपत आलं की दोन-तीन अंश ऊब वाढव आणि तीन दिवस हात लावू नकोस. यीस्ट आपलं आपण निस्तरतं ते.” पुढच्या खेपेला मी तसंच केलं. चौथ्या दिवशी नमुना काढला, हुंगला, आणि पेला घेऊन पुन्हा त्यांच्याकडे गेले.